माळ्यावर आधी काय न्यायचं

मेलेल्या माणसावर रागावू नये, असं सगळे सांगतात. मी रागावते. शोएब माझा नवरा होता आणि त्याच्यावर चिडायचा हक्क त्याच्या मरणाने कुणाच्या बापाकडे गेलेला नाही. शिवाय माझा राग मोघम नाही. तो त्याने लिहिलेल्या एका गाईडवर आहे.

मी पोलादपूरच्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. निबंधात कुणी ‘इत्यादी’ लिहून सुटका करून घेतली, की मी समासात तांबड्या पेनाने विचारते, ‘इत्यादी म्हणजे काय काय ते लिही.’ माझ्या नवऱ्याचं ते गाईड म्हणजे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एक लांबलचक इत्यादी होतं.

शोएब सौदीला जुबैलमध्ये एका कंपनीच्या कंप्युटर खोलीत होता. एका सुट्टीत त्याने महाडच्या आमच्या घरी, बाजारपेठेमागच्या गल्लीत, पुढच्या खोलीत एक कंप्युटर बसवला. टेबलावर मोठा पडदा, पडद्याच्या दोन्ही बाजूंना इवलेसे स्पीकर, आणि टेबलाखाली पायाशी एक उभा पत्र्याचा डबा. त्या डब्याला शोएब सर्व्हर म्हणायचा, त्याचा दोस्त हैदर सीपीयू म्हणायचा आणि मी डबा म्हणायचे. तिघांतलं माझंच नाव कळायला सोपं होतं, पण माझं कोण ऐकतंय.

दर शुक्रवारी नमाजनंतर तिकडून फोनची एक रिंग वाजून बंद व्हायची. ती खूण. मग मी फोनची वायर डब्याला जोडायचे, डबा कर्रर्र आवाज करून नेटवर जायचा, आणि शोएबने तिकडे बोलून ठेवलेलं सगळं थेट आमच्या घरात येऊन पडायचं. मध्ये कुणी कंपनी नाही, कुणाचा फुकटचा मेल नाही. तेवढा वेळ आमचा फोन एंगेज लागायचा आणि माझी आई पोलादपूरहून फोन फिरवून फिरवून मला शिव्या घालायची.

“परक्याच्या माडीवर आपलं सामान कशाला ठेवायचं?” शोएब म्हणायचा. “उद्या त्याने कुलूप घातलं तर? आपलं घर आहे, आपली लाईट आहे, आपला फोन आहे. आपली वस्तू आपल्या घरात.”

हे बोलणं लोकांना पटलं. घराघरातला एक माणूस आखातात, कुणाचा मस्कतला, कुणाचा कुवेतला. त्या एका सुट्टीत त्याने महाडात आणि पार वर उमरठपर्यंत कितीतरी घरांत असे डबे बसवून दिले. लोकांनी जेवायला बोलावलं तरी हा पेचकस खिशात घालून जायचा. आणि प्रत्येक घरात त्या गाईडची एकेक झेरॉक्स ठेवून यायचा, ‘डबा बंद पडला तर घाबरू नका, यात सगळं आहे,’ असं सांगून.

यात सगळं आहे! मी पहिल्याच दिवशी वाचायला घेतलं. ‘सर्व्हर बूट झाल्यावर नेहमीप्रमाणे लॉगिन करा.’

“शोएब, नेहमीप्रमाणे म्हणजे कसं?”

“अगं, म्हणजे नेहमीसारखं.”

“मी हे जन्मात पहिल्यांदा करतेय.”

“सोप्पं आहे गं. एकदोनदा केलंस की येईल.”

“आणि इथे लिहिलंयस, बॅकअप घेत जा. कुठून घ्यायचा? बाजारातून?”

तो हसत सुटला. त्याचं हसणं छान होतं, त्यामुळे माझं भांडण नेहमी अर्ध्यावर राहायचं. त्या दिवशी मात्र मी बोलले. म्हटलं, ज्याला येतं त्याला गाईड कशाला हवं? ज्याला येत नाही त्याच्यासाठी लिही. अम्मींसाठी लिही. अम्मींना कळलं तर जगाला कळेल.

“अम्मी कशाला सर्व्हर चालवायला जातेय?” तो म्हणाला, आणि सुट्टी संपवून गेला. सौदीत बसून उंटावरून शेळ्या हाकायला.

अम्मी म्हणजे हलिमा, माझी सासू. तिला कुराण पढता येतं, मराठी अक्षरं जोडून जोडून दुकानाची पाटी वाचता येते, त्यापलीकडे नाही. पण शुक्रवारी डब्यासमोर पहिली तीच बसायची. शोएबला आईची सवय माहीत होती. तो बोलताना मध्ये जागा सोडायचा. “अम्मी, जेवलीस का?” म्हणायचा आणि थांबायचा. अम्मी इथे सांगायची, “जेवले रे. वालाचं बिरडं केलंय.” मग तिकडून यायचं, “काय बिरडं? मला ठेवलंस का?” दरवेळी बिरडंच असायचं असं नाही, पण तो अंदाजाने बोलायचा आणि बऱ्याचदा बरोबर यायचा. अम्मीला ते खरं बोलणं वाटायचं. तो बोलू लागला की पडद्यावर एक हिरवी रेघ थरथरायची, थांबला की सरळ व्हायची. अम्मीची नजर त्या रेघेवरून हलायची नाही.

दोन हजार पाच सालच्या जानेवारीत शोएब कंपनीच्या खोलीत झोपला तो उठलाच नाही. दफन तिकडेच झालं. इथे मशिदीत, मयत समोर नसताना पढतात ती गायबाना नमाज झाली, लोक आले, गेले. कंपनीने एक सुटकेस पाठवली, तिच्यात कपडे होते, अत्तराची बाटली होती, आणि अम्मीसाठी घेतलेला गुडघ्याचा पट्टा होता. त्याचा आवाज तिकडे कुठेच उरला नव्हता, शोएब कंपनीच्या कंप्युटरवर बोलायचा आणि इकडे पोचलं की तिकडचं पुसून टाकायचा. जे काही होतं ते आमच्या टेबलाखालच्या डब्यात होतं.

इतरांच्या आया कबरस्तानात जातात, निदान भिंतीपाशी उभं राहून दुवा मागतात. अम्मीला तेवढंही नव्हतं. माझी इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर घरात बसायचे चार महिने दहा दिवस, संपून मी शाळेत परत जाऊ लागले तोवर तिने लेकाची कबर घरातच ठरवून टाकली होती. रोज दुपारी मला विचारायची, “लावतेस का गो?” आणि शाळेच्या दिवशी मी घरी आल्यावर. मी डबा चालू करायचे, जुना कुठलातरी शुक्रवार लावायचे. “अम्मी, जेवलीस का?” आणि अम्मी उत्तर द्यायची. सुरुवातीला मला तिथे बसवायचं नाही, मी उठून मोरीत जायचे. मग मीही बसू लागले. खरं सांगू, दिवस त्यावरच निघत होते.

बॅकअप घ्यायचा राहिला. हैदरभाईंकडे सीडी करायचं मशीन होतं, पण ‘बॅकअप’ म्हणजे त्यावर आवाजाची दुसरी प्रत काढून ठेवणं, हे मला कोण सांगणार? गाईडमध्ये तर सगळं होतं.

मे संपता संपता घरं पावसाळ्याची तयारी करतात. महाडात ही तयारी म्हणजे फक्त कौलं शाकारणं नाही. सावित्री दर दोनतीन वर्षांनी बाजारपेठेत येऊन जाते, तेव्हा प्रत्येक घराचा एक क्रम ठरलेला असतो: नगरपालिकेचा भोंगा झाला की माळ्यावर आधी काय न्यायचं, मग काय. लहानपणापासून तो क्रम पाढ्यांसारखा पाठ असतो. आमच्याकडे कुराणशरीफ आणि कागदपत्रं जूनआधीच वर जातात. भोंग्यानंतर आधी तांदूळ, मग शेगडी, मग गाद्या.

त्या मे महिन्यात अम्मी म्हणाली, “अम्बरीन, शोएबचा तो कागद वाच ना.” मुलाचं अक्षर म्हणून तिला ते ऐकायचं होतं. मी वाचत गेले, ती मान डोलवत राहिली, तिला त्यातलं काडीचंही कळत नव्हतं. मध्येच तिने हात वर केला.

“यात पाण्याचं काय लिवलंय का त्यानं?”

महाडच्या बाईला दुसरं काय सुचणार. मी शोधलं. शोएबही शेवटी महाडचाच होता. शेवटच्या पानावर तळाशी एक ओळ होती: ‘पाणी येतंय असं वाटलं तर सगळ्यात आधी कंप्युटर माळ्यावर न्या.’

“हे बघ,” अम्मी म्हणाली, “हे किती नीट लिवलंय.” तिने ती ओळ माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतली. तांदळाच्या आधी कंप्युटर, असा घराचा क्रम तिने त्या दिवशी बदलला. अख्ख्या गाईडमध्ये तिला कळलेली ती एकच ओळ.

जुलैच्या त्या पुराच्या दिवसांबद्दल जगाला माहीत आहे, मी पुन्हा सांगत नाही. मी पोलादपुरात शाळेत अडकले. एसटी बंद, फोन मेलेला, हमरस्त्यावर दरडी, आणि डोंगरातून उतरलेली माणसं येऊन सांगत होती की कुठली वाडी कुठे गेली. महाड माळ्यापर्यंत बुडालंय, असं एक ट्रकवाला म्हणाला. मी आईच्या घरी खिडकीत बसून होते. कोणी जेवायला वाढलं की मी ताट बाजूला सारायचे. मनात दोनच गोष्टी होत्या, अम्मी आणि डबा. दर वेळी त्याच क्रमाने आल्या का, हे मला विचारू नका.

रस्ता मोकळा व्हायची वाट न बघता मी निघाले. थोडं चालत, थोडं एका टेंपोत, मग पुन्हा चिखलातून चालत. महाडात शिरले तर गल्ली ओळखू येईना. दुकानांचे शटर आतून फुगलेले, विजेच्या तारांवर गवत आणि लुगडी लटकलेली, सगळीकडे कुजक्या धान्याचा वास. आमच्या दारात मंजुळा उभी होती, आमची भिंतीला भिंत लागलेली शेजारीण. मला बघून ती रडायलाच लागली.

“चाची बरी हाय,” ती घाईने म्हणाली. “वर हाय. पण तिनं काय केलंय ते बघ तू. ऐकलं नाय माझं. तांदूळ बुडाले, गाद्या बुडाल्या. म्हणाली, आधी माझा पोरगा.”

मी शिडी चढले. अम्मी माळ्यावर भिंतीला टेकून बसली होती. पिंढरीला लुगड्याची चिंधी बांधलेली, चिंधीवर वाळलेलं रक्त. शेजारी शोएबने आणलेल्या सौदीच्या ब्लँकेटमध्ये काहीतरी मोठं गुंडाळून ठेवलेलं होतं. मला बघताच तिचा चेहरा असा उजळला, की ईदला सुद्धा मी तो तसा पाहिला नव्हता.

“आलीस? बघ,” ती म्हणाली. “एक थेंब लागू दिला नाय त्याला.”

तिने ब्लँकेट उलगडलं. आत पडदा होता. तो जाडजूड, पाठीला पोक असलेला, दोन माणसांनाही न उचलवणारा काचेचा पडदा. साठीची बाई, गुडघे गेलेली, आणि खालून ढकलायला मंजुळा. पाणी कमरेला लागेपर्यंत दोघींनी तो शिडीवरून वर चढवला होता.

मी शिडी उतरले. टेबल उलटं झालं होतं. त्याच्या खाली, जिथे शोएबने ठेवला होता तिथेच, चिखलात डबा उभा होता. वरचं झाकण सुटलं होतं आणि आत गाळ भरला होता, कुंडीत माती भरावी तसा. मी तिथेच गुडघ्यावर बसले आणि हाताने गाळ उपसायला लागले. वरून अम्मीने विचारलं, “काय झालं गो?” मी म्हटलं, “काही नाही अम्मी, साफ करतेय.”

मला कुणावर तरी ओरडायचं होतं, पण समोर कुणीच नव्हतं. अम्मीचं काय चुकलं? तिने तर गाईडप्रमाणे केलं. शब्दन्‌शब्द केलं. ज्याच्यासमोर बसायचं, ज्यात रेघ हलते, ज्यातून पोरगा बोलतो, त्याला ती कंप्युटर समजली. ती काय, सगळं महाड तेच समजतं. ‘कंप्युटर माळ्यावर न्या’ असं लिहिताना माझ्या हुशार नवऱ्याच्या डोळ्यांपुढे डबा होता. त्याच्या डोळ्यांपुढचं दुसऱ्याला दिसत नाही, एवढं एकच त्या शहाण्याला कधी कळलं नाही.

हैदरभाईंचं कंप्युटरचं दुकानही पाण्यात गेलं होतं. ते घरासमोर कंप्युटरचे सांगाडे रांगेने मांडून बसले होते. डबा बघून त्यांनी तो उघडला आणि आतून साबणाच्या वडीएवढी एक चपटी पेटी काढली. “सगळा आवाज यातच आहे, भाभी. बाकीचा डबा फेकून दिला तरी चालेल. याला लाईट मात्र अजिबात जोडायची नाही, नाहीतर उरलंसुरलं जाईल. मुंबईला एक जण आहे, बुडालेल्या डिस्क उघडतो. होईल का, सांगता येत नाही.”

“किती परत मिळेल?”

“काहीतरी मिळालं तरी अल्लाचे आभार मानू,” ते म्हणाले आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

मुंबईलाही पाणी भरलेलं, त्यामुळे निघायला वेळ गेला. तोवर अम्मीला काय सांगायचं? मी सांगितलं, लाईट नाही. ते खरंच होतं. मग सांगितलं, पडद्याला जोडायची वायर बुडाली, नवी आणायला हवी. तेही एका परीने खरं. अम्मी म्हणाली, “आण. घाई नाय. तो सुकाच हाय.” आणि दुपारची नमाज झाली की माळ्यावर त्या बंद पडद्यापाशी जाऊन बसायची. एकदा मी तिला काचेला कान लावून बसलेलं पाहिलं. मी परत शिडी उतरले आणि मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. मला वाटत होतं, एवढंच होऊ दे, एक शुक्रवार मिळू दे, एक पुरे. मी नमाजमध्ये बाकी काही मागणंच सोडून दिलं होतं.

मुंबईतल्या त्या माणसाने ती पेटी आत नेली आणि मला बाकावर बसवून ठेवलं. बाहेर आला तेव्हा त्याने ती माझ्या हातात परत दिली, प्लास्टिकच्या पिशवीत.

“मॅडम, आत गाळ गेलाय. तबकड्यांवर ओरखडे आहेत. काहीही निघणार नाही.”

“थोडंसं? एखादं वाक्य?”

“काहीही नाही.” मग त्याने विचारलं, “दुसरीकडे कॉपी नव्हती ठेवली?”

परतीच्या एसटीत मी ती पिशवी मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरने विचारलं, सामान वर ठेवू का? मी त्याच्यावर एवढी खेकसले की सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली.

घरी पोचले तर पुढच्या खोलीत बायका जमल्या होत्या. गल्लीत लाईट आली होती. आणि अम्मीने, जिने आयुष्यात कधी प्लग लावला नव्हता, मंजुळाच्या मदतीने पडदा खाली आणून भिंतीतल्या प्लगला जोडला होता. पडदा पेटला होता. काळ्या काचेवर इंग्रजी अक्षरांची एक निळी पट्टी इकडून तिकडे, तिकडून इकडे सरकत होती. सिग्नल नाही, एवढंच त्यावर लिहिलेलं होतं. अम्मी समोर पाटावर बसली होती, डोक्यावर नीट पदर घेऊन.

“बघ!” ती म्हणाली. “जिवंत हाय! हलतंय बघ. मगाधरनं हलतंय. आता बोलंल. तू आणलीस का वायर?”

मंजुळा आनंदाने डोळे पुसत होती. मी दारातच उभी राहिले. वाटलं, खोटं बोलावं. वायर मिळाली नाही म्हणावं, पुढच्या आठवड्यात म्हणावं, ही बाई म्हातारी आहे, असं म्हणत म्हणत निभेल. पण ती पट्टी सरकत होती आणि ती माझी म्हातारी तिच्याकडे अशी बघत होती, की मला ते सहनच झालं नाही. मी पुढे जाऊन प्लग काढला.

“अम्मी, शोएब त्यात नाही.”

“म्हंजे?”

मी पिशवीतली पेटी तिच्या ओंजळीत ठेवली. “यात होता. ही खालच्या डब्यात होती. टेबलाखालच्या. डबा बुडाला. मी मुंबईला नेली होती. काही उरलं नाही.”

तिने त्या पेटीकडे बघितलं. मग पडद्याकडे. मग तिने पिंढरीवरची जखम चाचपली, जणू ती कशासाठी झाली हे आठवत होती.

“मी तर कंप्युटर नेला वर,” ती म्हणाली.

“हो अम्मी.”

“त्यानं लिवलं तसं केलं.”

“हो.”

“मंग त्यानं लिवलं का नाय?” तिचा आवाज एकदम चढला. “डबा म्हणून का नाय लिवलं? अक्षरं महाग झाली व्हती काय त्याला? मी उचलला नसता व्हय डबा? तो तर हलका व्हता! एका हातानं नेला असता मी! शोएब, मेल्या, आईला एवढं सांगाया नाय आलं तुला? एवढा शिकलास, आईला सांगाया नाय आलं?”

मुलगा गेल्यापासून ती रडली नव्हती. दफन दिसलं नाही, मयत दिसली नाही, शुक्रवार चालूच होते, मग रडायचं कशासाठी? त्या दिवशी ती रडली. ती पेटी छातीला धरून, मुलाला शिव्या देत, त्याचं नाव घेत रडली. बायकांनी तिला धरलं. मी पण रडले, पण खरं सांगते, मला थोडं बरंही वाटत होतं. त्याच्यावर रागावणारी मी एकटी उरले नव्हते.

अंधार पडायच्या सुमारास ती गप्प झाली. मंजुळाने आणलेला चहा प्याली. मग म्हणाली, “त्या बाकीच्या घरांत पण ह्योच कागद हाय ना?”

“हो. झेरॉक्स आहे सगळीकडे.”

“आन्‌ लोकांना पण ह्येच वाटत आसंल.”

“असेल.”

“मंग बसलीयस काय?”

पाऊस अजून संपायचा होता. आम्ही दुसऱ्याच दिवशी निघालो. महाडातली घरं झाली, मग उमरठला चंद्राबाईंकडे गेलो. त्यांचा मुलगा मस्कतला. डोंगरावरच्या घराला सावित्रीची भीती नव्हती, पण मागचा कडा रोज थोडा थोडा खाली येत होता आणि त्यांनी बोचकी बांधून ठेवली होती. अम्मीने त्यांना विचारलं, “आक्का, पळायची येळ आली तर लेकाचं काय नेशील?” चंद्राबाईंनी लगेच पडद्यावर हात ठेवला. “ह्यो नेनार. गोधडी बी काढून ठेवलीय.”

अम्मीने आपल्या हिरव्या ओढणीची किनार फाडली. खाली वाकून, गुडघा दुखतोय म्हणून कण्हत, तिने ती डब्याला गाठ मारून बांधली. “ह्यो न्यायचा. त्यो काचेचा जाऊ दे व्हावत. त्यात कोन नाय. माझं ऐक, मी त्येच करून बसलेय.”

मग प्रत्येक घरात तेच. हैदरभाई मागाहून जाऊन आवाजाच्या सीड्या करून देऊ लागले, आणि एकाची सीडी दुसऱ्याच्या घरी ठेवायला सांगू लागले. शोएबला ते आवडलं नसतं कदाचित. आपली वस्तू परक्याच्या माडीवर. पण ज्याच्या घरातून नदी जाते त्याला शेजाऱ्याची माडी लागतेच, हे शोएबला कळायला हवं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी गाईड पुन्हा लिहायला बसले. तांबडं पेन घेतलं आणि जिथे जिथे ‘नेहमीप्रमाणे’ होतं ते सगळं खोडलं. लिहिलेलं पान मी अम्मीला वाचून दाखवायचे. ती म्हणायची, “नाय कळलं,” की मी फाडायचे. किती पानं फाडली देव जाणे. कधीकधी मी वैतागून म्हणायचे, “अहो अम्मी, हे सोपं आहे!” आणि म्हणता म्हणता गप्प व्हायचे, कारण तो आवाज माझा नव्हता, शोएबचा होता. पहिली ओळ मात्र तिनेच सांगितली आणि मी एक अक्षर न बदलता घातली: ‘टेबलाखाली डबा आहे तो कंप्युटर. वरचा पडदा नुसता बघायला. पाणी आलं की पडदा सोडा, डबा उचला.’

हैदरभाईंनी इकडचे तिकडचे भाग जमवून आमच्यासाठी एक डबा उभा केला. गाईड पुरतं झालं का, हे बघायचा एकच मार्ग होता. मी अम्मीला म्हटलं, “आता तुम्ही एकट्याने करायचं. मी पडवीत बसते. मला हाक मारायची नाही.”

मी बाहेर बसले. आतून तिचा अक्षरं जोडत वाचल्याचा आवाज येत होता. ब-ट-ण. डब्याचा पंखा सुरू झाला. बराच वेळ काही नाही, मग एकेक कळ दाबल्याचा आवाज. माझे हात शिवशिवत होते, पण मी हलले नाही. शेवटची पायरी होती: ‘लाल ठिपक्यावर दाबा आणि काहीही बोला. पडद्यावर हिरवी रेघ हलली, म्हणजे सगळं बरोबर झालं.’

तिने घसा खाकरला.

“शोएब,” ती म्हणाली. “डबा खाली असतो रे. आता ठावं झालं मला.”

मग थोडं थांबून तिने विचारलं, “जेवलास का?”

आणि गप्प झाली. मी दारातून डोकावले. रेघ सरळ होऊन पुढे पुढे चालली होती, आणि अम्मी जागा सोडून बसली होती, तो सोडायचा तशी. माझ्या गाईडमध्ये रेकॉर्डिंग बंद कसं करायचं, ते लिहायचं राहून गेलं होतं. मी आत जाऊन सांगितलं नाही.